गयाबाईचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

पाळणाघराची नवी यादी आली. मोबाइलवर, दुपारी, पोरं झोपलेली असताना. पंधरा नावं. ओवीचं नाव नाही. दोनदा वाचली, मग शैलाला दिली. शैला आमची मदतनीस, माझ्यापेक्षा तिचे डोळे चांगले. तिलाही सापडलं नाही.

खाली कारणांची वेगळी यादी. ओवी वानखेडे, वय सव्वादोन. "घरात मूल सांभाळणारी प्रौढ स्त्री उपलब्ध." सतरा तारखेपासून लागू.

उपलब्ध म्हणजे गयाबाई, ओवीची आजी. सत्तरीच्या पुढची. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याने कितपत दिसतं ते तिलाच माहीत. चहाचा कप पुढे धरला तर आधी हवेत हात फिरवते.

आणि हे वर कळवलं कोणी? मीच. जूनमध्ये अंगणवाडीला पाळणाघर जोडलं, तेव्हा टेकडीवरचा घरोघरचा सर्व्हे मी केला. गयाबाई म्हणाली, पहिलं नाव माझं लिही. लिहिलं. वस्तीत आम्ही सगळ्यांचं तसंच लिहितो, मोठ्या माणसाचं वर. मग 'काम' असा रकाना होता. मी म्हटलं, आजी, आजारी लिहू का, दिसत नाही ना तुम्हाला? तर अशी उखडली! "मी काय खाटेवर पडली आहो काय वं? लिही, घर सांभाळते."

लिहिलं. म्हातारीचा मान राहू दे, म्हणून. एवढ्याने कोणाचं काय बिघडतंय, असं वाटलं होतं मला. अक्कल गहाण ठेवली होती त्या दिवशी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी प्रणालीला सांगितलं. ओवीची आई. साडेसातला पोरगी माझ्या हातात देते आणि पळत मेट्रो गाठते. अंधेरीला एमआयडीसीत औषधांचं पॅकिंग. तीन वर्षं ठेकेदाराकडे होती. आता जानेवारीपासून कंपनी स्वतःच्या पटावर घेणार आहे. पीएफ कापणार, आणि ते कार्ड मिळणार ज्यावर अख्ख्या घराचा दवाखाना होतो. गयाबाईच्या डोळ्यासकट. दिवाळीआधी पेढे दिले होते तिने आम्हाला.

अट एकच. डिसेंबर संपेपर्यंत तीन खाडे झाले की नाव कट. एक झालाय, ओवीच्या तापात.

मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "टीचर, तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हीच खोडा ना." एवढं सोपं. घड्याळ बघितलं आणि गेली.

खोडायला ते कागदावर कुठे आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुपरवायझर मॅडमकडे गेले. तास दीड तास बाकावर. आत गेल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं.

"मंगलताई, एडिट नाही होत. लॉक झालंय."

"मॅडम, चूक माझी आहे."

"मग तसं लेखी देता का? चुकीची माहिती भरली म्हणून?"

लेखी दिलं की चौकशी, चौकशी लागली की मानधन अडकणार. आम्हाला पगार नाही, मानधन. मान आधी, धन जमेल तसं. गप्प बसले मी. इथे लिहिते कारण इथे कोणी सही मागत नाही. प्र.ला हे सांगायची हिंमत नाही.

सु. मॅ. वाईट नाहीत. दोन वाटा सांगितल्या. एक, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा की म्हातारी मूल सांभाळू शकत नाही. दोन, रेशनकार्डातून तिचं नाव काढा, ती इथे राहत नाही असं दाखवा. "मलाही यादी वरूनच येते हो." वर कोण, विचारलं. म्हणाल्या, त्यांनाही वरूनच येते.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज गयाबाईला सरकारी हॉस्पिटलात नेलं. शैलावर पोरं सोडून. रिक्षात तिला समजावत होते, आजी, आज खरं खरं सांगायचं, दिसत नाही ते दिसत नाही म्हणायचं. "व्हय व्हय."

डोळ्यांच्या ओपीडीत ही रांग. समोर भिंतीला आकड्यांचा तक्ता, एकेकाला खुर्चीत बसवून वाचायला लावत होते. गयाबाई माझ्या शेजारी बाकावर डोळे मिटून बसलेली. मला वाटलं डुलकी लागली.

नंबर आला. खुर्चीत ताठ बसली, पदर सारखा केला. आधी पिकलेला डोळा. तो नुसता टॉर्च मारून बघितला आणि बाद केला. मग डावा. आणि धडाधड म्हणायला लागली. वरची ओळ, मधली ओळ, त्याच्या खालची. एकही चूक नाही. मी तोंड उघडं टाकून उभी. डॉक्टर मुलगी म्हणाली, "वा आजी, डावा डोळा झकास आहे की." मी मध्ये बोलले, मॅडम, तिला दिसत नाही हो. ती म्हणाली, आता तुमच्यासमोरच वाचलं ना त्यांनी. मागे चाळीस माणसं.

कागदावर लिहिलं, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, तारीख मार्चनंतर. डावा समाधानकारक. सर्टिफिकेटपुरतं अंधत्व भरत नाही.

बाहेर आल्यावर गयाबाई खुशीत. "पाह्यलं? पास झाली मी!"

"आजी, वाचलं कसं तुम्ही?"

"कायले वाचतो? तासभर समदे तेच आकडे बोलून राहिले होते. पाठ झाले."

फुटपाथवर उभी राहून हसले मी. हसता हसता रडायलाच आलं. तिला कळेना काय झालं. तिच्या मते परीक्षा घेतली तर पास व्हायचं असतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी परीक्षा घेतली असेल तिची. चहा पाजला, घरी आणलं. प्र.ला फोनवर सांगितलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नीट नाही. माझा नितीन दोन वर्षांचा होता तेव्हा मी मसाल्याच्या कारखान्यात जायची. सासू गावी, आई गावी. शेजारणीकडे ठेवायची त्याला. एकदा लवकर सुटले तर हा पलंगाच्या पायाला साडीच्या पट्टीने बांधलेला, समोर चुरमुऱ्यांची वाटी. शेजारीण म्हणाली, काय करू, माझीपण कामं असतात. खरंच होतं तिचं. दुसऱ्या दिवशी परत तिथेच ठेवला. दुसरीकडे कुठे ठेवणार.

पाळणाघराचं जूनमध्ये कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता. भिंतीवर हत्ती मीच रंगवला. कोणीतरी आपल्यासारख्यांचा विचार केला शेवटी, असं वाटलं होतं. अजूनही वाटतं, हाच तर त्रास आहे. योजना चांगलीच आहे. पंधरा आया निवांत कामाला जातात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल ओवीला तशीच ठेवून घेतली, यादीत नसताना. शैला म्हणाली, "अगं, वाट लागेल आपली." मी म्हटलं, लागू दे. भात एक मूठ जास्त. कोणाला कळतंय.

पण ॲपला रोज फोटो लागतो. अकरा वाजता, सगळी मुलं एका फोटोत. ते मोजतं डोकी. काल ओवी झोपली होती, निभावलं. आज शैलाने तिला कपाटामागे नेलं, हातात वाटी-चमचा दिला. मी म्हटलं, चला, हसा सगळे! आणि बटण दाबताना ओवी आली पळत, पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या मध्ये, दात दाखवत. फोटो म्हटला की ती येणारच. मीच शिकवलंय तिला, फोटोत हसायचं.

गेला फोटो. साडेअकराला सु. मॅ.चा फोन. "सोळा कशी?" मी म्हटलं, कोणाची तरी बहीण आली होती भेटायला. "मंगलताई, मला खोटं बोलायला लावू नका. उद्यापासून पंधरा. नाहीतर केंद्राला नोटीस."

संध्याकाळी प्र. घ्यायला आली. मी दारातच सांगितलं. पायरीवर बसली ती. "उद्यापासून कुठे टाकू मी हिला, सांगा ना." ओवी तिच्या पर्समधली कंपनीची टोपी काढून डोक्यावर घालत होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ओवी हरवली होती. वीस मिनिटं. सापडली, आधी ते लिहिते.

दोन दिवस गयाबाईकडेच होती. बाबा संदीप पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, पहाटे चारला बाहेर. आज दहाच्या सुमाराला गयाबाईने दाराला लावलेली फळी ओवीने बाजूला केली आणि निघाली. टेकडीवरून खाली दीडशे पायऱ्या, एका बाजूला कठडा नाही, खाली नाला.

मला आवाज आला तो गयाबाईचा. "ओवे! ओवे!" करत ती वरच्या गल्लीत चाललेली, हात भिंतीला लावून. ओवी खाली गेली होती. म्हातारी वर शोधतेय, पोरगी खाली. मी आणि शैला पळालो. पिठाच्या गिरणीवाल्याने अडवून ठेवली होती तिला. गुडघा खरचटलेला, हातात बिस्किट. ती इकडेच यायला निघाली होती, अंगणवाडीत. रस्ता चुकली एवढंच.

प्र. अर्ध्या दिवसातून आली. तो खाडा धरला. दोन झाले.

सासूला एक शब्द बोलली नाही. पोरीला पाणी पाजलं, सासूलाही पाजलं. गयाबाई कोपऱ्यात बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत होती, म्हणजे बघत होती असं वाटत होतं. म्हणाली, "बाई, तवा आजारी लिहिलं असतं, तर बरं झालं असतं काय?"

"मला काय माहीत आजी," म्हटलं. खोटं बोलले. माहीत होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

संदीपने टँकर सोडून घरी बसायला सुरुवात केलीय. मालकाने सांगितलं, दहा-बारा दिवस बघेन, मग दुसरा ड्रायव्हर. एकीचं काम टिकवायला दुसऱ्याचं जायची वेळ.

आज रेशन ऑफिस. संदीप, मी, गयाबाई, ओवीही बरोबर. नाव कमी करायचं तर काय काय लागेल, एवढंच विचारायला. खिडकीतला माणूस बरा होता, नीट सांगत होता. नाव कमी केलं की इथलं धान्य बंद. म्हातारपणाची पेन्शन इथल्या पत्त्यावर आहे, तीही बंद. मग जिथे राहायला जातील तिथे नव्याने अर्ज. त्याला तिथे राहिल्याचा पुरावा. तो मिळायला आधी तिथे राहायला पाहिजे.

"किती दिवस लागतात?" संदीपने विचारलं.

"सांगता येत नाही."

गयाबाई खिडकीच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "अन् मेल्यावर नाव कमी कराले काय लागते?"

"मृत्यूचा दाखला, आजी. बाकी काही नाही."

"एकच कागद?"

"एकच."

"मंग ते सोपं हाय," म्हणाली. संदीपने तिचा दंड धरला, "चल आई." तो माणूस खाली मान घालून कागद जुळवत बसला.

मी त्यांच्याबरोबर कशाला जाते, हे मलाही कळत नाही. काही होत तर नाही माझ्याने. पण घरी बसवतही नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सहा डिसेंबरसाठी गयाबाईच्या माहेरची माणसं आली, मेहकरकडून. भाचा, त्याची बायको, आणखी दोघं. दरवर्षी येतात. दहा बाय दहाच्या खोलीत मावत नाहीत म्हणून अंगणवाडीची चावी दिली, रात्री इथे झोपतात. हेही ॲपला कळू नये म्हणजे झालं.

शैलाने बातमी आणली, म्हातारी त्यांच्याबरोबर गावी जातेय म्हणे. कायमची.

संध्याकाळी वर गेले. खरं होतं. गयाबाई मोठ्या उत्साहात सांगत होती, "तिकडचा डागदर चांगला हाय. डोळा तिकडंच करतो मी. हवा मोकळी." भाचा हो हो म्हणत होता. भाच्याची बायको लसूण सोलत होती, तिने मान वर केली नाही. गयाबाईचं तिकडचं घर कधीच पडलंय, जागेवर भाच्याच्या म्हशी बांधतात. हे गयाबाईनेच मला मागे सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं.

प्र. भाकऱ्या थापत होती. मी मुद्दाम तिच्याजवळ बसले. तिने जाऊ नका म्हटलं नाही. जा पण म्हटलं नाही. भाकरी करपली, तशीच खाली काढली. हळूच मला म्हणाली, "टीचर, सोमवारपासून संदीपला टँकरवर जायलाच हवं. मी आईंना थांबवलं तर मग ओवीला कोण घेईल?" आणि मग, "मी वाईट आहे ना?"

नाही गं. कोण म्हणेल तुला वाईट. मी म्हटलं असतं हे, पण सगळे बसले होते. पाठीवर हात ठेवला फक्त.

५ डिसेंबर, शुक्रवार

सु. मॅ.चा फोन. दुरुस्तीसाठी ॲप सोमवारी सकाळी अकरापर्यंत उघडलंय. आवाजात आनंद होता, खरंच माझ्यासाठी खटपट केली त्यांनी. त्यांना वेडंवाकडं बोलले होते, म्हणजे मनात, त्याचं वाईट वाटलं.

'काम' रकाना बदलता येणार नाही. फक्त 'सध्या वास्तव्य' बदलता येतं. आहे, नाही. आणि घराच्या आतला, कुटुंबासह एक फोटो. "'नाही' करा, फोटो टाका, ओवी परत यादीत. मी लगेच मंजूर करते."

मी म्हटलं, आणि तिची पेन्शन?

"आता सगळं एकमेकांना जोडलंय हो, मंगलताई. इकडे 'नाही' केलं की तिकडे आपोआप जातं."

म्हणजे रेशन ऑफिसलाही जायची गरज नाही. माझ्या एका बोटाने होईल सगळं.

६ डिसेंबर, शनिवार

सगळी पहाटेच दादरला गेली, अभिवादनाला. गयाबाईसुद्धा, पांढरं लुगडं नेसून, भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून. ओवी संदीपच्या कडेवर. प्र. कामावर. सुट्टी मागितली असती तर तिसरा खाडा झाला असता.

आज वस्ती रिकामी. रजिस्टरं लिहीत बसले. चारदा ॲप उघडलं, चारदा बंद केलं.

७ डिसेंबर, रविवार

गयाबाईला सगळं सांगून टाकलं. जूनपासूनचं. लेखी दे म्हटल्यावर मी गप्प बसले तेही. तिने ऐकून घेतलं. "तुह्या जागी मीबी गप्पच बसली असती," म्हणाली. पेन्शन जाईल, धान्य जाईल, हे परत सांगितलं. "माहीत हाय. काढ बाई फोटो. उद्या दोनची गाडी हाय आमची."

पिशवी दाराशी भरून ठेवलेली. दोन लुगडी, औषधाचा डबा, हॉस्पिटलचा तो कागद. समाधानकारक.

दुपारी तीनला फोटो काढायला उभी राहिले. संदीप भिंतीला टेकून, प्र. त्याच्या बाजूला, मध्ये ओवी. गयाबाई स्वतःच उठून दाराबाहेर गेली, भिंत चाचपत, चौकटीच्या पलीकडे उभी राहिली. "दिसत नाही नं मी आता?"

"नाही दिसत, आजी."

काढला. बघितला तर कडेला एक हात आलेला. मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्या. ओवीने आजीचं बोट धरलं होतं, चौकटीतून आत ओढून. प्र.ने सोडवलं, "ओवी, इकडे बघ, फोटो." दुसरा काढला. परत तेच. तिसऱ्याला संदीपने तिला उचलून घेतलं, तर ती वाकली आणि परत पकडलं. आणि फोटो म्हणून हसतेय, शिकवल्याप्रमाणे, सगळे दात दाखवून.

चौथा काढायला कोणी सांगितलं नाही. मी पण काढला नाही. बाहेरून गयाबाई विचारत होती, "झालं काय वं?" प्र. तोंडाला ओढणी लावून भिंतीकडे वळलेली.

उद्या सकाळी परत येते म्हटलं आणि निघाले.

आता घरी बसलेय. तिन्ही फोटो उघडून बघितले. मोठे करून बघितले. हात कापून टाकता येतो, नितीनने दाखवलं, दोन सेकंदाचं काम आहे म्हणाला.

ॲप उघडंच आहे. सध्या वास्तव्य. आहे. नाही. उद्या अकरापर्यंत वेळ आहे.